उसनं नाक

५ जानेवारी, सोमवार

बंद झालं! क्रोमच्या टाकीतलं शेवटचं पाणी टँकरमध्ये भरून गेलं. मालक दारात उभे राहून बघत होते. सिंहस्थाच्या आधी नदी स्वच्छ व्हायला हवी, म्हणून सातपूरच्या आमच्या गल्लीत लोखंडावर क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या छोट्या प्लेटिंगवाल्यांना नोटिसा होत्या — सांडपाण्याची सोय करा, नाहीतर कुलूप लावा. मालकांनी तिसरंच केलं. कारखाना उचलून वापीला चालले. "येतोस का सोमनाथ?" म्हणाले. बघतो, म्हटलं. मी येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

नोटीस चुकीची नव्हती. आमचं पाणी इतकी वर्षं कुठं जात होतं ते मला माहीत आहे.

एकवीस वर्षं रोज टाकीची नोंदवही लिहिली. किती तापमान, किती अँपिअर, किती मिनिटं. आता टाकी नाही, पण वहीची निम्मी पानं कोरी आहेत आणि हाताला सवय. म्हणून हे.

६ जानेवारी

दिवसभर घरी. बायकोला, योगिनीला, अडचण झाली.

८ जानेवारी, गुरुवार

घरात बसलं की घर कसं चालतं ते कळतं. सकाळी नऊ ते बारा योगिनी मागच्या मोरीपाशी असते. पितळेचे छोटे दिवे आणि घंटा — रामकुंडावर आणि त्र्यंबकला यात्रेकरू घेतात ते. ओतून येतात तेव्हा काळपट असतात. ॲसिडच्या पाण्यात बुडवायचे, साध्या पाण्यात खंगाळायचे, लाकडाच्या भुशात वाळवायचे. चकचकीत! शेजारच्या लताबाईही हेच करतात. सिंहस्थ जवळ येतोय तशी पोती वाढलीत.

आमची मुलगी तेजस्विनी पुण्याला नर्सिंगला आहे, दुसरं वर्ष. तिचं शिक्षण ह्या दिव्यांवर चालतं आणि घर माझ्या पगारावर. म्हणजे चालत होतं. तिची अजून दोन वर्षं राहिलीत. मला काम मिळालं नाही तर तिला मध्येच घरी आणावं लागेल. हे योगिनीलाही कळतं, म्हणून आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही. आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मला प्लेटिंगशिवाय काहीही येत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

लताबाई कुंपणावरून: "माझा जावाई गिरणाऱ्याकडं वाइनच्या कंपनीत ट्रॅक्टर चालवतो. तिथं मानसं घेऊ ऱ्हायले. पाव्हन्यांना ओतून द्यायचं, चार गोष्टी सांगायच्या. लय नाय काम."

"मला वास येत नाही, लताबाई."

"वास कशाला पायजे? ओतायचंच तर हाय!"

नाकाचं लिहून ठेवतो, इथं कोण वाचणार आहे. क्रोमच्या टाकीवर दोन-तीन वर्षं झाली की नाकातून रक्त येतं. मग खपल्या धरतात. मग एक दिवस मधल्या पडद्याला भोक पडतं आणि त्रास एकदम थांबतो. आग नाही, रक्त नाही. गल्लीत म्हणायचे, पक्का झाला! सहादू म्हणून जुना कारागीर होता. नवा माणूस आला की तो एका नाकपुडीत दोरा घालून दुसरीतून काढून दाखवायचा. लोक टाळ्या वाजवायचे. माझं भोक पडलं तेव्हा मालकांनी पेढे वाटले. खोटं नाही सांगत. मीही खुश होतो! पुढं वास गेला तोही आम्ही पक्कं होण्यातच धरला. आठ वर्षं झाली त्याला.

तेव्हापासून दूध नासलंय का, गॅस चालू राहिलाय का, शर्ट आणखी एक दिवस चालेल का — हे खातं योगिनीकडे. तक्रार नाही. तिचं कधी चुकल्याचं आठवत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

वाइनच्या कंपनीतली नोकरी मिळाली! तीन महिने बघणार, मग कायम.

रविराज सर म्हणून मॅनेजर आहेत. तिशीचे असतील. शिकलेले, पण माणूस गोड. टेबलावर पांढऱ्या वाइनचे चार ग्लास ठेवले. "सोमाभाऊ, ह्यातला एक ग्लास परवा उघडलेल्या बाटलीतला आहे. ओळखा." मी चारही नाकाशी धरले, कारण तिथं सगळे धरत होते. मग खिडकीकडे धरून बघितले. टाकीतल्या पाण्याच्या रंगावरून ते म्हातारं झालंय का हे सांगण्यात जन्म गेला. तिसऱ्याची कड किंचित पिवळी होती. हा, म्हटलं.

"नाक आहे तुम्हाला!" सर म्हणाले.

मी खोटं बोललो असं नाही. नुसता गप्प बसलो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तेजू दोन दिवस आलीय. गुळाच्या पोळ्या.

"आई, जळाल्यात!"

"खमंग केल्यात. मेसचं खाऊन तुझी जीभ गेलीय."

मी तीन खाल्ल्या. जरा कडवट होत्या. मला गोड, आंबट, खारट, तिखट, कडू एवढंच कळतं. बाकी ताटात काय आहे ते डोळ्यांनी ठरवतो.

वाइनचं सांगितलं तर तेजू हसून हसून लोळली. "पप्पा, तुम्ही? वास घेऊन सांगणार?" मलाही हसू आलं, पण आतून धास्ती होतीच. तेव्हा योगिनी म्हणाली, "मी आहे ना. मी वास घेऊन सांगेन, ते पाठ करतील." इतक्या सहज, भाजीला काय आणू म्हणावं तसं.

झालं! दोन दिवस डोकं खाजवून मला हे सुचलं नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार

सरांनी अभ्यासाला पाच छोट्या बाटल्यांतून नमुने दिले. पिठाच्या डब्यामागे लपवले, कारण लताबाई कधीही आत येतात. दुपारी दार लावून बसलो. योगिनी एक थेंबही तोंडात घेत नाही. ग्लास नाकाशी धरते, डोळे मिटते. वेळ घेते. घाई करू नका म्हणते.

पहिली पांढरी. "पेरू. नांदगावला आमच्या शाळेमागं झाड होतं, त्याचा. अर्धा पिकलेला, पोपटानं टोचलेला."

दुसरी पांढरी. "काकडीची कोशिंबीर. कूट घालायच्या आधीची."

गुलाबी. "मांडवात गुलाबपाणी शिंपडतात ना? पण सकाळचं नाही. वरात निघताना कपड्यात उरलेलं असतं ते."

लाल. "करवंदं. डोंगरातली बाई पाटीत घेऊन येते, वर पानं झाकून. पानांसकट वास."

शेवटची लाल, लाकडी पिंपात मुरवलेली. हिला फार वेळ लागला. "बाळाला धुरी देतात. त्यानंतर त्याचं टोपडं काढलं की जो येतो, तो."

मी सगळं उतरवून घेतलं. रंगही लिहून ठेवले, म्हणजे ग्लास बघितला की बोल आठवतील. लाल वाइन बघून मात्र चमकलो, क्रोमच्या टाकीतलं पाणी हुबेहूब असंच दिसतं. तेच आयुष्यभर हुंगलं, आणि हे आता हुंगता येत नाही.

बावीस वर्षांच्या संसारात ही बाई एवढं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

१८ जानेवारी

पेरू, काकडी, गुलाबपाणी, करवंद, टोपडं. पाठ.

२४ जानेवारी, शनिवार

पहिली मोठी तुकडी. बावीस माणसं, मुंबईची आणि सुरतेची. सकाळी त्र्यंबकेश्वराचं दर्शन, दुपारी आमच्याकडे, संध्याकाळी मिसळ! कपाळावरचं गंध तसंच, हातात ग्लास. मी योगिनीचा पेरू सांगितला, पोपटासकट. एक बाई ग्लास नाकाला लावून ओरडलीच — "अगं खरंच! टोचलेला पेरू!" मग सगळ्यांना यायला लागला.

लोकांना सांगितलं की येतो. हे मी नुसतं नोंदवून ठेवतो.

२६ जानेवारी

ड्राय डे. लोक आले, कढईएवढ्या टोपात द्राक्षं तुडवली, फोटो काढले, पाय धुऊन गेले.

४ फेब्रुवारी, बुधवार

रविराज सरांनी बोलावलं. मला वाटलं, पकडलं. तर म्हणाले, "सोमाभाऊ, तुमचं ते टोपडं… टेक्निकली असं काही नसतं. पण भारी आहे! गेस्ट लोक रिव्ह्यूमध्ये लिहितायत." आता म्हणे ह्या वाक्यांची छोटी कार्डं छापून प्रत्येक बाटलीच्या गळ्यात अडकवणार. मराठीत. नव्या लाल वाइनचा नमुनाही दिला, हिच्यावर काहीतरी शोधा म्हणून.

घरी आल्यावर योगिनीला सांगितलं. खुश होईल वाटलं. तिचे हात दिव्यांच्या बादलीत होते. "छापू नका म्हणावं," म्हणाली. का? तर "उगीच."

मग संध्याकाळी ग्लास घेऊन बसली. फार वेळ लावला. "गुळाची ढेप. ढेपेला गुंडाळलेलं गोणपाट." दमल्यासारखी दिसली. पोती जास्त झालीत.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. त्र्यंबक रस्ता गाड्यांनी तुंबलेला, त्यात सिंहस्थासाठी एक बाजू खणून ठेवलेली. दोन तास बसमध्ये. शेजारचा कामगार म्हणाला, "फर्स्ट शिफ्ट सुटून घरी पोचंस्तोवर सेकंड सुटंल." सगळ्या बसनं त्यावर हसून घेतलं.

तेजूचा फोन. परीक्षा चांगली चाललीय. योगिनी फोन झाल्यावरही बराच वेळ हातात धरून बसली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

झालं ते लिहितो.

दुपारी बंगळूरचं एक जोडपं होतं. पिंपातली लाल उघडली, बुचाची बाटली. रंग उत्तम, कड स्वच्छ. ओतली आणि सुरू झालो, बाळाला धुरी देतात वगैरे. नवऱ्यानं ग्लास नाकाशी नेला आणि लांब धरला. बायकोनंही. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी बोलतच होतो! रविराज सर चार पावलांवर होते, तिथूनच वळले. ग्लास घेतला, हुंगला, बाटली उचलून आत नेली. पाहुण्यांची माफी मागितली, दुसरी उघडली.

नंतर ऑफिसात. "बूच खराब होतं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास मारतेय. दारातून येतोय, सोमाभाऊ. तुम्ही नाकाखाली धरून टोपडं सांगत होता!"

रंगावरून ते दिसत नाही. मला काय माहीत!

मग सांगून टाकलं. नाकाचं भोक, आठ वर्षं, सगळं. बोल माझे नाहीत, बायकोचे आहेत हेही. नोकरी गेली असं धरूनच बोलत होतो, त्यामुळे जड गेलं नाही. सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे नाक वहिनींचं आहे."

"हो."

"मग त्यांनाच आणा. गुरुवारी सकाळी. जमलं तर त्या टेस्टिंगला आणि तुम्ही तळघरात, बाटल्यांवर. दोघांनाही घेतो. नाही जमलं तर मात्र… मला मालकांना उत्तर द्यावं लागतं."

दोन पगार! बसमध्ये मी हिशोब नाही केला, खिडकीबाहेर बघत नुसता बसलो. आनंदच झाला होता, दुसरं काही नाही.

२२ फेब्रुवारी

योगिनी नाही म्हणते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

अजून नाहीच. कारणं रोज नवी. लोकांत बोलायला जमत नाही. दारूच्या जागी बाई माणूस बरं दिसत नाही. दिव्यांचं काम कोण करणार. मी म्हटलं, दिव्यांचं काम सोडून दे, हेच तर सांगतोय! त्यावर उठून बादलीकडे गेली.

लताबाईंनाही मध्ये घातलं. "अगं जाय की! घरबसल्या ॲसिडात हात घालन्यापरीस बरं नाय का?" योगिनी लताबाईंना म्हणाली, "तुम्हीच जा." लताबाई म्हणाल्या, "माझं नाक तर कवाच गेलं, बाई. मला भाजी जळाल्याली कळत नाय." आणि दोघी दुसऱ्या विषयावर गेल्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी आवाज चढवला. तेजूचं नाव काढलं. म्हटलं, "घरात एक धड नाक आहे, तेही तुला वाया घालवायचंय!"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. काय होतं ते मला ओळखता आलं नाही. नंतर मला लाज वाटली, पण परत जाऊन बोललो नाही.

२५ फेब्रुवारी

येते म्हणाली. तेजूच्या बारशातली हिरवी साडी काढून ठेवलीय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साडेनऊला पोचलो. योगिनीनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. रविराज सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, वहिनी वहिनी केलं. द्राक्षाचे वेल खिडकीतून दिसतात तिथं बसवलं. समोर तीन ग्लास, तिन्ही लाल.

पहिल्याला तिनं डोळे मिटले. "चिंच. फोडून मीठ लावून उन्हात टाकलेली." सरांनी भराभर लिहून घेतलं. दुसरा. "बैलांच्या शिंगांना पोळ्याला रंग देतात, तो वाळायच्या आधीचा." सर हसले, वा म्हणाले. मलाही अभिमान वाटला. 

तिसरा. मी सहज ग्लासाकडे बघितलं. कडेची जांभळट रेघ, काचेवरून ओघळायची चाल. हा तर पहिलाच! एकाच बाटलीतून दोन ग्लास ओतले होते. सरांनी चाचणी लावलेली.

योगिनीनं ग्लास नाकाशी धरला. "नवं पुस्तक. जूनमधलं. खाकी कव्हर घालायच्या आधीचं."

सरांनी हे लिहून घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं. मग तिला म्हणाले, "छान सांगता, वहिनी." चहा मागवला, बिस्किटं मागवली, मळा दाखवायला माणूस दिला. निघताना मला म्हणाले, कळवतो. माझ्याकडे बघून नाही म्हणाले.

बसमध्ये तिला सांगितलं, पहिला आणि तिसरा एकच होता. घाबरलीस ना? तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मी म्हटलं, घाबरायचं काय त्यात, पुन्हा एकदा संधी मागतो सरांकडे. सातपूर येईपर्यंत मीच बोलत होतो.

२७ फेब्रुवारी

योगिनीला वास येत नाही. पाच वर्षं झाली.

दिव्यांचं काम घेतल्यावर सहा महिन्यांत गेला. ते काम घरी मीच आणलं होतं. किती पाण्यात किती ॲसिड, हे बादलीशी बसवून मीच शिकवलं. इतकी वर्षं बोलली नाही, कारण मी काम बंद केलं असतं आणि तेजूचं शिक्षण थांबलं असतं. दूध उकळून बघायची, गॅसचं बटण दोनदा तपासायची, शर्ट रोजच धुवायची.

म्हटलं, मग पेरू? करवंदं? टोपडं?

"आठवत होतं ते सांगत गेले," म्हणाली. "आता तेही संपत आलंय."